घट

बत्तीस वर्षं सेलमला सोनं गाळलं.
सराफाच्या दुकानातला केर, पायपुसणी, कारागिराचा जुना सदरा,
सगळं जाळायचं, धुवायचं, कण काढायचे,
आणि मालकाला घट सांगायची:
इतकं आलं, इतकं गेलं, गेलेलं कुठं गेलं.
विट्याच्या माणसाला घट सांगता आली नाही
तर त्यानं गाशा गुंडाळावा.

आता सावळजात, जावयाच्या बेदाण्याच्या शेडवर असतो.
इथं घुशी.
रॅकच्या खालच्या जाळीला रोज नवं भगदाड,
आणि खातात तेही निवडून, हिरवा लांब माल.
पिंजरा ठेवला, तो सकाळी पालथा.
औषध नको, जावई म्हणाला, माणसाच्या तोंडी जाणारी वस्तू आहे.
म्हणून मिरजेहून छऱ्याची बंदूक आणली.
पहिल्या रात्री सात छर्रे. सातही भिंतीत.
राखणीचा इलाही मुजावर म्हणाला,
तात्या, भिंत मेली.

मग ट्रंकेतून काटा काढला,
काचेच्या पेटीतला, श्वास लागला तरी हलणारा.
डबीवर छापलंय, सगळे छर्रे एकसारखे.
डबीवर काय, काहीही छापतात.
चिमट्यानं एकेक उचलला, पारड्यात ठेवला.
चार गुंजा, वर जेमतेम अर्धी.
हा त्याहून हलका. हा जड.
ह्याची कड चेपलेली, हा बाजूला.
नात उत्कर्षा वहीत आकडे मांडत होती,
मध्येच विचारलं, आजोबा, गुंज म्हणजे किती मिलिग्रॅम,
आणि स्वतःच गणित केलं.

पलीकडं बायका बेदाणा निवडत बसलेल्या.
शेवंता म्हणाली, तुमचीबी प्रतवारी चाललीय जणू,
काय दरानं सोडणार माल?
सगळ्या हसल्या. मी पारड्यावर फुंकर बसू नये म्हणून
तोंड दाबून हसलो.

पाच बश्या, पाच वजनं.
दुपारी पंखे बंद, दारं बंद,
वाळूच्या पोत्यावर नळी टेकवून पंचवीस पावलांवर
जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठी.
वाटलं होतं, जड बशी जिंकणार.
सोन्यात जड ते खरं.
इथं जड छर्रे खाली सांडले, मुठीएवढ्या जागेत,
हलके उजवीकडं भरकटले,
आणि दुसऱ्या बशीतले,
ज्यांच्याकडं मी नीट बघितलंही नव्हतं,
पाचही एकाच भोकात गेले.
उत्कर्षानं भोकात करंगळीचं टोक घालून बघितलं.
पुन्हा पाच. पुन्हा तेच भोक, जरा रुंद.
पत्रिका कुणाची होती बघायला उलटली,
तर वधूच्या बापाच्या नावातून आरपार.

पावणेदोनला ती आली.
बॅटरीला लाल कागद बांधलेला, इलाहीच्या हातात, हात स्थिर.
भिंतीकडेनं, घाई न करता,
माझ्यासारखीच वयस्क, पाठीवरचे केस विरळ.
खोक्यावर चढली. एक दाणा उचलला,
टाकला. दुसरा उचलला,
दोन्ही हातांत धरून फिरवून बघितला.
मी श्वास सोडला, अर्धा ठेवला,
काट्यासमोर ठेवतो तसा.

आवाज फार झाला नाही.
इलाहीनं तिला लिंबाखाली पुरलं, वर दगड ठेवला कुत्र्यांसाठी.
छर्रा मागच्या फळीत गेलेला,
चाकूनं उकरून काढला, टिकलीएवढा चपटा,
धुतला, पुसला, पारड्यात ठेवला.
दुसऱ्या बशीतला. वजन वहीत होतंच.
कमी भरला.
पुन्हा ठेवला, पेटीचं दार लावून.
तेवढाच कमी.

फळीतलं भोक टाचणीनं कोरलं.
खोक्यावर बघितलं, जाळीवर बघितलं.
मग गुडघ्यांवर बसलो, रंगाचा कोरडा ब्रश घेऊन,
फरशीच्या सांध्यासांध्यातून.
इलाही हात धुऊन आला. काय सांडलं, तात्या?
घट आहे, म्हणालो.
किती?
सांगितलं. त्यानं कोपऱ्यातली केरसुणी घेतली.
थांब, म्हणालो, बाहेर टाकू नकोस.
केर ठेव.